कार्बनमूल्य आणि कौटुंबिक परतावा : कॅनडाच्या धोरणप्रयोगाची चिकित्सा (२०१९-२०२५)

बीजशब्द : कार्बनमूल्य, इंधन आकार, कौटुंबिक परतावा, वितरणात्मक न्याय, लोकमान्यता

प्रस्तावना

हवामानबदलाच्या प्रश्नावर अर्थशास्त्राने सुचविलेल्या उपायांत कार्बन उत्सर्जनाला किंमत लावण्याचा उपाय अग्रस्थानी आहे. या उपायाची वैचारिक मुळे आर्थर पिगू यांच्या १९२० मधील ‘द इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर’ या ग्रंथात सापडतात. आपल्या कृतीचा जो भार माणूस इतरांवर टाकतो त्याची किंमत त्याच्याकडूनच वसूल झाली, तर तो ती कृती आपोआप कमी करतो, असे हे साधे सूत्र आहे. या सूत्रावर एक रास्त आक्षेप सातत्याने घेतला गेला. इंधनावरील कोणताही कर उत्पन्नाच्या प्रमाणात पाहिल्यास श्रीमंतापेक्षा गरिबाला अधिक जाचतो. त्यावर उत्तर म्हणून परताव्याची कल्पना पुढे आली. वसूल झालेली रक्कम शासनाने स्वतःकडे न ठेवता कुटुंबांना समप्रमाणात परत करावी, म्हणजे इंधन महाग होईल, पण कमी इंधन जाळणारे कुटुंब नफ्यात राहील. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेतील अर्थतज्ज्ञांनी काढलेल्या जाहीर निवेदनात हीच शिफारस होती. त्यावर सही करणाऱ्यांत २७ नोबेल पारितोषिक विजेते होते.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये कॅनडाने हा विचार राष्ट्रीय पातळीवर अमलात आणला आणि बरोबर सहा वर्षांनी, १ एप्रिल २०२५ रोजी, तो गुंडाळला. ज्या धोरणामुळे बहुसंख्य कुटुंबांच्या हाती भरलेल्या रकमेहून अधिक पैसे परत येत होते, तेच धोरण लोकांना नकोसे व्हावे, ही घटना अभ्यासकांना विचार करावयास लावणारी आहे.

उद्दिष्टे

१) कॅनडातील इंधन आकार व परतावा यांच्या रचनेचे स्वरूप स्पष्ट करणे.
२) या रचनेच्या न्याय्यतेचा दावा कितपत टिकतो हे तपासणे.
३) आर्थिकदृष्ट्या सुसंगत धोरणाला लोकमान्यता का लाभली नाही याची मीमांसा करणे.

योजनेचे स्वरूप

कॅनडाच्या संसदेने २०१८ मध्ये हरितगृह वायूंच्या प्रदूषणावर मूल्य आकारण्याचा कायदा संमत केला. त्याचे दोन भाग होते. पहिल्या भागानुसार पेट्रोल, डिझेल, नैसर्गिक वायू इत्यादी इंधनांवर आकार लावण्यात आला. दुसरा भाग मोठ्या उद्योगांसाठी होता व तो उत्पादनाच्या प्रमाणाशी जोडलेला होता. ज्या प्रांतांकडे स्वतःची पुरेशी व्यवस्था नव्हती तेथेच केंद्राचा इंधन आकार लागू झाला. ब्रिटिश कोलंबियात २००८ पासून प्रांताचा स्वतःचा कार्बन कर होता. क्वेबेकने कॅलिफोर्नियाशी जोडलेली उत्सर्जन परवान्यांची बाजारपेठ स्वीकारली होती. त्यामुळे एप्रिल २०१९ मध्ये केंद्रीय आकार प्रथम ओंटारियो, मॅनिटोबा, सस्कॅचेवान व न्यू ब्रन्सविक या चार प्रांतांत आला. जानेवारी २०२० मध्ये अल्बर्टाची त्यात भर पडली, तर अटलांटिक किनाऱ्यावरील अन्य प्रांत जुलै २०२३ मध्ये या कक्षेत आले.

आकाराचा प्रारंभीचा दर दर टनामागे २० कॅनेडियन डॉलर होता. तो २०२२ मध्ये ५०, २०२३ मध्ये ६५ आणि २०२४ मध्ये ८० डॉलर झाला. २०३० पर्यंत तो १७० डॉलरवर नेण्याचे जाहीर झाले होते. वसुलीपैकी सुमारे ९० टक्के रक्कम त्या त्या प्रांतातील कुटुंबांना परत द्यावयाची होती. परतावा कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरत असे, इंधनाच्या वापरावर नव्हे. या योजनेचे मर्म येथेच आहे. इंधन वाचविणाऱ्याचा परतावा कमी होत नव्हता, त्यामुळे बचतीची प्रेरणा अबाधित राहत होती.

काही प्रांतांनी या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले. २५ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने कायदा वैध ठरविला आणि हा आकार घटनात्मक अर्थाने कर नसून नियामक स्वरूपाचा आकार आहे, असा निर्वाळा दिला. न्यायालयात हा भेद मान्य झाला, परंतु लोकव्यवहारात ‘कार्बन कर’ हाच शब्द रूढ राहिला. पुढील सर्व राजकारण याच शब्दाभोवती फिरले.

हिशेबाची बाजू

२०२४-२५ मध्ये ओंटारियोतील चौघांच्या कुटुंबास वर्षाला १,१२० डॉलर, तर अल्बर्टातील तशाच कुटुंबास १,८०० डॉलर मूळ परतावा मिळत होता. त्या वर्षी पेट्रोलवरील आकार लिटरमागे १७.६१ सेंट आणि नैसर्गिक वायूवरील आकार घनमीटरमागे १५.२५ सेंट होता. उदाहरणादाखल ओंटारियोतील एका कुटुंबाने वर्षात २,००० लिटर पेट्रोल आणि घर उबदार ठेवण्यासाठी २,२०० घनमीटर वायू वापरला असे मानू. पेट्रोलवर सुमारे ३५२ व वायूवर सुमारे ३३६ असा एकूण ६८८ डॉलरचा आकार त्याने थेट भरला. अन्नधान्य, वाहतूक इत्यादींच्या किमतींत मिसळलेला अप्रत्यक्ष भार भागविण्यासाठी त्याच्याकडे अद्याप ४३२ डॉलर उरतात. मोटार नसलेल्या व लहान घरात राहणाऱ्या कुटुंबाची शिल्लक याहून मोठी असणार, हे उघड आहे.

संसदेच्या अर्थसंकल्प अधिकाऱ्याच्या अहवालांनीही, केवळ भरलेला आकार व मिळालेला परतावा यांचा विचार केल्यास, बहुतेक कुटुंबे नफ्यात असल्याचे दाखविले होते. मात्र याच कार्यालयाने रोजगार व गुंतवणुकीच्या उत्पन्नावरील परिणाम जमेस धरून दुसरा हिशेब मांडला आणि त्यात सरासरी कुटुंब तोट्यात दिसले. विरोधकांनी हा दुसरा आकडा सर्वत्र नेला. एप्रिल २०२४ मध्ये त्या हिशेबात उद्योगांवरील कार्बनमूल्याचा परिणामही चुकून मिसळला गेल्याचे कार्यालयाने मान्य केले. ऑक्टोबर २०२४ मधील सुधारित आकडेवारीत तोटा पूर्वीपेक्षा कमी निघाला, पण तोवर पहिला आकडा जनमानसात रुजला होता. हवामानबदलामुळे होणारे नुकसान यांपैकी कोणत्याही हिशेबात कुटुंबाच्या खात्यावर जमा धरलेले नव्हते, ही गोष्ट तर चर्चेत क्वचितच आली.

दृश्य किंमत आणि अदृश्य परतावा

हिशेब अनुकूल असूनही धोरण अप्रिय का ठरले? पहिले कारण रचनेतच आहे. किंमत पेट्रोल पंपावर दर आठवड्यास दिसत होती. परतावा मात्र प्रारंभी वार्षिक आयकर विवरणपत्रातील एका ओळीत सामावला होता व तेथे तो इतर आकड्यांत विरून जाई. जुलै २०२२ पासून तो तिमाही हप्त्यांनी बँक खात्यात जमा होऊ लागला, तरी तो कशाबद्दल आहे याचा स्पष्ट उल्लेख अनेक खातेदारांच्या नोंदींत नसे. योजनेचे अधिकृत नावच ‘हवामान कृती प्रोत्साहन’ अशा अर्थाचे होते. त्यातून आपलेच पैसे आपणास परत मिळत आहेत हे नागरिकास कळण्याचा मार्ग नव्हता. ‘कॅनडा कार्बन रिबेट’ हे सुबोध नाव फेब्रुवारी २०२४ मध्ये मिळाले. तेव्हा योजनेस जवळपास पाच वर्षे झाली होती व विरोधाची घोषणा घरोघरी पोहोचली होती.

तथापि केवळ माहितीच्या अभावावर सारा दोष टाकणे पुरेसे नाही. मॅटो मिल्डेनबर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांचा कॅनडा आणि स्वित्झर्लंड या देशांवरील अभ्यास २०२२ मध्ये ‘नेचर क्लायमेट चेंज’मध्ये प्रसिद्ध झाला. अनेकांना परताव्याची कल्पना नसते किंवा ते तो प्रत्यक्षाहून कमी समजतात, असे त्यात आढळले. खरी रक्कम सांगितल्यावरही पाठिंब्यात फारशी वाढ झाली नाही. कॅनडात परताव्याविषयीची समजूत बरीचशी पक्षनिष्ठेने ठरत होती. स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून तापनइंधनावर आकार असून त्यातील नागरिकांचा वाटा आरोग्यविम्याच्या हप्त्यातून वळता केला जातो. तेथेही १३ जून २०२१ च्या सार्वमतात कार्बन डायऑक्साइडविषयक सुधारित कायदा ५१.६ टक्के मतांनी फेटाळला गेला. आकडा कळणे आणि आकड्यावर विश्वास बसणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

विश्वासाला तडा जाण्यास शासनाची वर्तणूकही कारणीभूत होती. लघुउद्योगांच्या वाट्याची २.५ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम २०१९-२० पासून साचत राहिली आणि प्रत्यक्षात ती डिसेंबर २०२४ मध्ये वितरित झाली. इंधन आकारावर वस्तू व सेवा कर लागत होता, आणि ती रक्कम परताव्यात येत नव्हती. ‘सर्व पैसे परत’ असा आभास निर्माण करणाऱ्या धोरणास असे अपवाद परवडत नाहीत.

सरासरी आणि अपवाद

समान परताव्याच्या कल्पनेतील दुसरा कच्चा दुवा ‘सरासरी कुटुंब’ या संज्ञेत आहे. ग्रामीण भागात मोटारीस पर्याय नसतो. भाड्याच्या घरात राहणारा माणूस घरमालकाची भट्टी बदलू शकत नाही, परंतु इंधनाचे बिल मात्र त्यालाच भरावे लागते. अटलांटिक प्रांतांतील अनेक जुनी घरे खनिज तेलावर उबदार ठेवली जातात व हे तेल नैसर्गिक वायूपेक्षा बरेच महाग पडते. अशा कुटुंबांची अडचण खरी होती. तिच्यावर ग्रामीण पूरक रक्कम वाढविणे, तापनयंत्रे बदलण्यास साह्य देणे असे उपाय शासनाने योजलेही.

पण २६ ऑक्टोबर २०२३ रोजी शासनाने त्यापुढे जाऊन तापनतेलावरील आकार तीन वर्षांसाठी स्थगित केला. धोरणाच्या अधःपतनातील हा निर्णायक क्षण मानावा लागेल. परतावा भार भागविण्यास पुरेसा आहे, तर सूट कशासाठी? आणि सूट आवश्यक असेल, तर परतावा पुरेसा असल्याचा दावा खरा कसा? या प्रश्नास शासनापाशी समाधानकारक उत्तर नव्हते. नैसर्गिक वायू वापरणाऱ्या पश्चिमेकडील प्रांतांनी आपल्यालाच हा न्याय का नाही, असे विचारले. सस्कॅचेवानने जानेवारी २०२४ पासून घरगुती वायूवरील आकार गोळा करणेच थांबविले. टीकाकारांना जे साधले नव्हते ते शासनाने स्वतःच्या हाताने केले.

धोरणाच्या बाजूने एक युक्तिवाद येथे नोंदविला पाहिजे. २०२१ नंतरची महागाई जगभर होती व तीत कोणताही इंधन आकार टिकणे कठीण होते. कार्बन आकाराचा महागाई दरातील वार्षिक वाटा सुमारे ०.१५ टक्के बिंदू इतकाच असल्याचे बँक ऑफ कॅनडाचे अनुमान होते. युक्तिवाद ग्राह्य आहे, परंतु अपुरा आहे. महागाईच्या काळात घरपोच येणारी रक्कम अधिक मोलाची वाटावयास हवी होती. ती तशी वाटली नाही, कारण ती नागरिकांच्या मनात त्या किमतीशी जोडलीच गेली नव्हती.

कोणाचे नुकसान झाले?

पिएर पोइलिएव्ह यांच्या नेतृत्वाखालील विरोधी पक्षाने ‘कर तोडा’ ही घोषणा लोकप्रिय केली. १४ मार्च २०२५ रोजी पंतप्रधानपदी आलेल्या मार्क कार्नी यांनी त्याच दिवशी ग्राहकांवरील आकार संपविण्याचा निर्णय घेतला. अखेरचा परतावा २२ एप्रिल २०२५ रोजी जमा झाला. उद्योगांवरील मूल्य कायम राहिले.

पेट्रोल स्वस्त झाल्याचा आनंद सर्वांस झाला, पण लाभ सारखा नव्हता. दोन-तीन मोटारी व मोठे घर असलेल्या कुटुंबाची बचत अधिक झाली. बसने प्रवास करणाऱ्या, लहान घरातील अल्प उत्पन्न कुटुंबाच्या हातून मात्र निव्वळ उत्पन्न गेले. या कुटुंबाच्या बाजूने कोणतीही मोठी चळवळ उभी राहिली नाही, कारण आपणास काय मिळत होते हे त्यालाही नीट ठाऊक नव्हते. ऑस्ट्रियाने २०२२ मध्ये सुरू केलेला ‘क्लिमाबोनस’ २०२५ मध्ये काटकसरीच्या नावाखाली बंद केला आणि कार्बनची किंमत मात्र चालू ठेवली. दोन देशांचे मार्ग उलट असले तरी बंद करण्यास सर्वांत सोपी गोष्ट दोन्हीकडे परतावाच ठरली.

भारतीय वाचकास यातून एक गोष्ट परिचयाची वाटेल. भारतात २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये उपकर लावण्यात आला व २०१६ मध्ये तो ४०० रुपयांवर गेला. त्यातील काहीही कुटुंबांस थेट परत करण्याची तरतूद नव्हती आणि २०१७ मध्ये तो वस्तू व सेवा कराच्या भरपाई उपकरात विलीन झाला. दुसरीकडे, २०१५ पासून स्वयंपाकाच्या गॅसचे अनुदान बँक खात्यात जमा होऊ लागले. २०२० मध्ये बहुसंख्य सर्वसाधारण ग्राहकांच्या खात्यात ते येणे थांबले, तेव्हा त्याची चर्चा सिलिंडरच्या दरवाढीइतकी झाली नाही. खात्यात मूकपणे येणारी रक्कम मूकपणे जाऊही शकते.

समारोप

कॅनडाचा प्रयोग अर्थशास्त्राच्या कसोटीवर नापास झाला असे म्हणता येत नाही. कार्बनला किंमत लावूनही गरीब कुटुंबाचे हित राखता येते, हे त्याने दाखवून दिले. त्याचे अपयश अन्यत्र आहे. परताव्याकडे शासनाने हिशेबाची तळओळ म्हणून पाहिले आणि नागरिकाचा हक्क म्हणून त्याची प्रतिष्ठापना केली नाही. उपरोक्त विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

१) परतावा किंमतीआधी व तिच्याइतकाच ठळकपणे नागरिकाच्या हाती पडला पाहिजे.
२) परताव्याचे नाव, रक्कम व स्रोत पहिल्या दिवसापासून निःसंदिग्ध असले पाहिजेत.
३) विशिष्ट कुटुंबांची अडचण दूर करताना किंमतीत सूट देण्याऐवजी त्यांचा परतावा वाढविणे हे योजनेच्या तत्त्वाशी सुसंगत ठरते.
४) परताव्यास कायद्याने असे संरक्षण हवे की तो काढून घेताना विधिमंडळात खुली चर्चा अपरिहार्य व्हावी.

हवामानबदलाची झळ ज्यांना सर्वाधिक बसते त्यांच्याच खात्यातून २०२५ मध्ये ही रक्कम गेली, आणि तिच्याबद्दल फारसा कोणी बोलला नाही. यापुढे असे धोरण आखणाऱ्या कोणत्याही देशाने या मौनाचा विचार दराच्या आकड्याइतक्याच गांभीर्याने करणे आवश्यक आहे.