‘निलगाउआन्टिलोपे’ आणि बुलढाण्याचा रोही

जर्मन भाषेत नीलगाईला ‘निलगाउआन्टिलोपे’ म्हणतात. बुलढाणा जिल्ह्यात, ज्ञानगंगा अभयारण्यालगतच्या शिवारांत, हाच प्राणी ‘रोही’ होय. आपल्या लेखनात ‘नीलगाय’ हा शब्द प्रमाण व ‘रोही’ ग्राम्य, असे सहसा गृहीत धरले जाते. या समजुतीची परीक्षा जर्मन समासाच्या आधारे करता येते.

‘निलगाउ’ हे फारसी ‘नीलगाव’. गाव म्हणजे गाय किंवा बैल. त्यास जर्मनांनी ‘आन्टिलोपे’ हे वर्गवाचक पद जोडले. आपल्या तत्पुरुषाप्रमाणेच जर्मन समासातही उत्तरपद प्रधान असते व लिंगही त्याचेच मानले जाते. म्हणून अर्थ झाला ‘निळी गाय नावाचे कुरंग’. उत्तरपदाने पूर्वपदातील गाय जणू रद्द केली.

परंतु ही दुरुस्ती निर्दोष नाही. प्राणिशास्त्राप्रमाणे नीलगाय व गाय एकाच उपकुळातील आहेत. काळवीट मात्र वेगळ्या उपकुळातला. १७६६ मध्ये पालास या जर्मन शास्त्रज्ञाने दिलेल्या ‘ट्रॅगोकॅमेलस’ या नावाचा अर्थ तर ‘बोकड-उंट’ असा होतो! प्रत्येक नामकर्त्याने दुसऱ्या प्राण्याचे नाव उसने घेतले आहे.

‘नीलगाय’ या समासात आणखी एक विसंगती आहे. निळसर करडा रंग प्रौढ नराचा. मादी व पिले पिंगट-तांबूस असतात. म्हणजे शब्दाने रंग नराचा घेतला आणि लिंग गाईचे. ‘रोही’ची गोष्ट नेमकी उलट आहे. संस्कृतात ‘रोहित्’ म्हणजे तांबडी हरिणी. ऐतरेय ब्राह्मणातील प्रजापतीच्या कथेत ती ‘ऋश्या’सह येते. ‘रोही’ला याच कुळात बसविणे सयुक्तिक वाटते. तसे मानल्यास रंग मादीचा, पण मराठीत शब्द पुल्लिंगी. दोन्ही शब्द प्राणी अर्धाच पाहतात. मात्र ‘रोही’ परक्या प्राण्याचे नाव उसने घेत नाही.

हा भेद केवळ व्याकरणाचा नाही. २०१५ मध्ये बिहारच्या काही जिल्ह्यांत हा प्राणी उपद्रवी घोषित झाला. अशा प्रसंगी ‘गाय’ या उत्तरपदाबरोबर पावित्र्याची भावनाही वादात उतरते. ज्याच्या हरभऱ्यात रात्री कळप शिरतो, तो शेतकरी या प्राण्याला गाय म्हणत नाही.

म्हणून जर्मन शब्दाचा अनुवाद करताना ‘नीलगाय-हरीण’ असा नवा समास घडवू नये. ‘रोही’ पुरेसा आहे. कोशातही त्याची नोंद बोलीच्या शिक्क्याविना, स्वतंत्रपणे व्हावी.