सुट्या भागांत बंदूक कुठे असते?

एक साधा प्रश्न विचारतो. झाडाची दुबेळक्याची फांदी, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या दोन पट्ट्या, चपलेच्या चामड्याचा एक तुकडा. या तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्या तर ते शस्त्र आहे का? अर्थातच नाही. बांधल्या की बेचकी होते. डहाणू-तलासरीकडे बरेच जण तिला गलोल म्हणतात. कुठली फांदी घ्यायची, ट्यूब किती जाड हवी, चामडं कडक की मऊ, यावर दहा वर्षांची पोरं तासभर वाद घालू शकतात. ‘सुटे भाग निवडणं’ आणि ‘अपग्रेड करणं’ म्हणतात ते हेच.

आता गलोलीच्या जागी बंदूक ठेवा. नळी, दस्ता, घोडा, स्प्रिंग, स्क्रू. यातली बंदूक कुठली?

प्रश्न पोरकट वाटेल, पण दोन मोठ्या देशांच्या कायद्यांनी त्याची दोन वेगळी उत्तरं दिली आहेत. घरी बनवलेल्या शस्त्रांवरचं लिखाण वाचताना माझं मुख्य भांडण इथेच सुरू होतं. हे लिखाण एका देशाचं उत्तर गृहीत धरतं आणि जगभर तेच लावत सुटतं. आजची पोस्ट त्या भांडणाबद्दल आहे.

अमेरिकेचं उत्तर: बंदूक एका भागात असते

अमेरिकेत घरी रायफल किंवा पिस्तूल जुळवणं हा छंद आहे. त्यावर ढिगाने लिहिलं जातं. नळी कुणाची घ्यावी, ट्रिगर बदलावा का, दुर्बीण कुठली, पैसे आधी कशावर घालावेत. आपल्याकडे बुलेटवाले सायलेन्सर आणि हँडलबद्दल बोलतात, तसाच सूर. यातलं काही लिखाण खरोखर चांगलं असतं: नेमकं, अनुभवातून आलेलं, स्वतःच्या चुका कबूल करणारं. कारागिरीबद्दल इतक्या बारकाईने लिहिणारे लोक आपल्याकडे फार नाहीत, हे मी आधीच मान्य करतो.

पण त्यात एक गोष्ट सहसा नसते. ही निवड मुळात शक्य कशामुळे झाली, ते. १९६८च्या तिथल्या केंद्रीय कायद्यात ‘फ्रेम किंवा रिसीव्हर’ या सांगाड्यालाच बंदूक मानलंय. अनुक्रमांक त्याच्यावर, दुकानातून घेताना पार्श्वभूमीची तपासणी त्याच्यासाठी. नळी, ट्रिगर, दस्ता हे बाकीचे भाग केंद्रीय कायद्यापुरते साध्या मालासारखे विकता-घेता येतात. शस्त्र बाळगायला अपात्र नसलेल्या माणसाने स्वतःपुरती बंदूक जुळवली, तर केंद्रीय कायद्याला त्यासाठी परवाना लागत नाही. काही राज्यांनी मात्र बंधनं घातली आहेत.

म्हणजे ज्याला हे लिखाण ‘आवड’ म्हणतं, ती आवड एका व्याख्येच्या सावलीत वाढली आहे. व्याख्या बदलली की आवडही बदलते. तसंच झालं. सांगाडा ‘जवळजवळ तयार’ अवस्थेत विकायचा, शेवटचं थोडं काम गिऱ्हाइकाने घरी करायचं, आणि तोवर ही बंदूक नाहीच म्हणायचं, अशा किटचा बाजार उभा राहिला. २०२२मध्ये तिथल्या सरकारने नियम करून असे किट आणि अर्धवट सांगाडेही व्याख्येत आणले. वाद सुप्रीम कोर्टात गेला आणि २६ मार्च २०२५ला कोर्टाने सात विरुद्ध दोन मतांनी नियम उचलून धरला.

न्यायमूर्ती गॉरसच यांनी लिहिलेला तो निकाल माणसाने बनवलेल्या वस्तूंच्या नावांबद्दल बोलतो. लेखक अपुरं हस्तलिखित दाखवतानाही ‘माझी कादंबरी’ म्हणतो. दुकानातून खोक्यात सुट्या फळ्या आल्या, तरी आपण ‘टेबल आणलं’ म्हणतो. म्हणजे अपुऱ्या वस्तूला पुरीचं नाव भाषेतच मिळतं. तर्क छान आहे. पण दिशा बघा: कोर्ट अजूनही वस्तूकडेच बघतंय. ती किती पूर्ण झाली आहे, एवढाच प्रश्न.

भारताचं उत्तर: बंदूक हेतूत असते

आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९. त्याच्या व्याख्येत बंदुकीचे भाग हे ‘अग्निशस्त्र’च आहेत. बनवायची यंत्रंसुद्धा. विनापरवाना बनवणं, विकणं, रूपांतर करणं, दुरुस्त करणं, चाचणी घेणं, सगळ्याला कलम ५ आडवं येतं. नळी आखूड करायला किंवा नकली बंदूक खरी करायला कलम ६. बेकायदा बनवण्याची शिक्षा २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप.

म्हणजे ‘कुठला भाग निवडावा’ हा प्रश्न इथे हौशी माणसासाठी उरतच नाही. पहिला भाग हातात आला की गोष्ट संपली.

पण पूर्ण नाही. कलम ४५मध्ये काही अपवाद आहेत आणि त्यातला एक मला फार महत्त्वाचा वाटतो. शस्त्राचे किरकोळ भाग कुणाजवळ सापडले, तर कायदा लागू होत नाही. अट अशी, की जोडीचे भाग स्वतःजवळ किंवा दुसऱ्या कुणाजवळ असतील तर त्यांच्यासोबत ते वापरायचा *हेतू* नसावा.

हा शब्द नीट वाचा. अमेरिकेतला प्रश्न ‘वस्तू किती पूर्ण आहे?’ असा. आपला प्रश्न ‘तुझ्या मनात काय होतं?’ असा. स्प्रिंग तीच. भंगारवाल्याकडे ती भंगार, दुसऱ्याकडे पुरावा. हेतू डोळ्यांना दिसत नसल्यामुळे तो माणसाकडे बघून ठरवला जातो. कोण आहे, कुठला आहे, काय बोलतो. वस्तूंवरचं लिखाण माणसांपर्यंत यायला हवं ते इथे, आणि नेमकं इथेच ते थांबतं.

तीरकामठ्याचं काय झालं?

ही अडचण जुनी आहे. इंग्रजांच्या १८७८च्या शस्त्र कायद्यात शस्त्रांची यादी होती: बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, भाल्यांची पाती, आणि नाव घेऊन धनुष्यबाण. तोफाही आणि शस्त्रांचे भागही. तोफ आणि तीरकामठा एका वाक्यात.

स्वातंत्र्यानंतर नवा कायदा आणताना विधेयकाच्या उद्देशपत्रात सरकारने स्पष्ट म्हटलं, की सुऱ्या, भाले, धनुष्यबाण वगैरे ‘शस्त्र’ या व्याख्येतून वगळायचे आहेत. आदिवासी भागासाठी ही साधी गोष्ट नव्हती. आता मंजूर झालेली व्याख्या बघा. यादी गेली, पण तिच्या जागी आलं: हल्ला किंवा बचावासाठी घडवलेली कुठलीही वस्तू, ‘धारदार आणि इतर प्राणघातक शस्त्रं’ धरून. फक्त घरगुती किंवा शेतीच्या कामाची हत्यारं, साधी काठी, खेळणी बाहेर. म्हणजे धनुष्याचं नाव गेलं, धनुष्य गेलं का? कोयता शेतीचा म्हणून सुटला. गलोल खेळणं म्हणून सुटली. तीरकामठा मधेच लोंबकळत राहिला. तो शेतीचा नाही, आणि निव्वळ खेळणं तर नाहीच.

त्यात आपल्या राज्याचा १९५१चा पोलीस कायदा मिळवा. कलम ३७खाली मनाईहुकूम निघाला की काठी-लाठीसुद्धा बाळगता येत नाही. काल जी काठी होती, ती आज शस्त्र. काठीत काहीच बदललेलं नाही.

तलवाडा, १० ऑक्टोबर १९४५

‘हेतू कोण ठरवतं’ हा प्रश्न कागदी वाटत असेल, तर तलासरीचाच इतिहास काढू. १९४५च्या मे महिन्यात झरीच्या परिषदेत वारल्यांनी वेठ नाकारली. त्याच वर्षी गवतकापणीच्या मजुरीची लढाई उभी राहिली. १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. पाच जण गेले. पहिला जेठ्या गांगड.

गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकात हा प्रसंग येतो. जमीनदारांच्या माणसांनी पाड्यापाड्यांवर खोटा निरोप फिरवला की बाईंच्या जिवाला धोका आहे, काठ्या घेऊन या. आणि सरकारला कळवलं की वारली हत्यारबंद होऊन जमलेत. एकाच काठीचे दोन अर्थ. आणणाऱ्याच्या लेखी ती रक्षणासाठी होती, बघणाऱ्याच्या लेखी बंडासाठी. दुसरा अर्थ खरा धरला गेला, कारण बंदुका त्या बाजूला होत्या.

हे पुस्तक चळवळीच्या नेत्याने लिहिलंय, तटस्थ माणसाने नाही. तरीही शस्त्रांचा अभ्यास करणाऱ्यांनी ते वाचावं असं मी म्हणतो, कारण सुट्या भागांच्या लिखाणात जे कधीच येत नाही ते त्यात आहे: वस्तू हातात कशी आली, कुणाच्या सांगण्यावरून आली, आणि तिला नाव कुणी दिलं.

‘गावठी’ म्हणजे कुणाचं?

आता आजच्या बातम्यांचा शब्द घेऊ. ‘गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे जप्त.’ मुंबई-अहमदाबाद हायवेच्या पट्ट्यात राहणाऱ्यांना ही वाक्यरचना पाठ असते. इंग्रजी लिखाण याचं भाषांतर ‘होममेड’ असं करतं आणि कट्टा अमेरिकन छंदाच्या रांगेत जाऊन बसतो. ही चूक आहे.

एक तर, कट्टा सहसा ‘घरचा’ नसतोच. तो विकायला बनतो. मुंगेरला मीर कासिमने अठराव्या शतकात शस्त्रांचा कारखाना काढला, तिथली कारागिरी पुढे परवानाधारक आणि बेकायदा अशा दोन्ही वाटांनी चालली. आपल्या जळगाव जिल्ह्याला लागून मध्य प्रदेशातलं उमर्टी तिथल्या पिस्तुलांमुळे पोलिसांच्या कागदांत वारंवार येतं. तिथे बोट शिकलगारांकडे दाखवलं जातं, म्हणजे ज्यांचा पिढीजात धंदाच हत्यारं घडवणं आणि धार लावणं त्यांच्याकडे. चार जणांच्या गुन्ह्यासाठी अख्खी जमात बदनाम करायची सवय आपल्याला आहे, म्हणून हे जपून लिहितोय. जिनिव्हाची ‘स्मॉल आर्म्स सर्व्हे’ संस्था ‘क्राफ्ट’ म्हणजे कारागिरीचं उत्पादन असा शब्द वापरते. ‘होममेड’पेक्षा तो बरा.

दुसरं, कट्ट्याचा सगळ्यात महत्त्वाचा भाग गावात बनत नाही. तो म्हणजे काडतूस. बातम्यांत ‘३१५ बोर’ इतक्यांदा येतं, कारण त्या मापाच्या परवान्याच्या रायफली आणि काडतुसं आपल्याच सरकारी आयुध कारखान्यांनी नागरिकांसाठी बनवली आहेत. म्हणजे गावठी कट्ट्याच्या पोटात कारखाना बसलाय. तपास कट्ट्यापाशी थांबला, तर काडतुसाची वाट तशीच राहते.

आणि तिसरं, शब्दाचं राजकारण. गावठी कोंबडी महाग. गावठी अंडी लोक शोधत येतात. दारू आणि कट्टा मात्र ‘गावठी’ झाले की शिवी. शब्द वस्तूबद्दल काही सांगत नाही, बनवणाऱ्याबद्दल सांगतो.

ठासणीची बंदूक

तीरकामठा आणि कट्टा यांच्या मधे एक तिसरी वस्तू आहे. ठासणीची बंदूक, तोंडाकडून दारू भरायची. कलम १३मध्ये तिला स्वतंत्र जागा आहे: पिकाच्या *खऱ्याखुऱ्या* रक्षणासाठी नागरिकाला तिचा परवाना मिळू शकतो. आता ‘खराखुरा’ शब्दाकडे बघा. पुन्हा हेतूच. शिवाय १९७२च्या वन्यजीव कायद्यामुळे डुकराने भात लोळवला, तरी परवानगीशिवाय त्याला मारता येत नाही. बंदूक कायदेशीर, गोळी बेकायदा. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. शेतकऱ्याच्या दृष्टीने ‘अपग्रेड’ म्हणजे नवा ट्रिगर नाही. वेळेवर नूतनीकरण झालेला परवाना.

मग म्हणणं काय?

गैरसमज नको. कायदा सैल करा, असं मी म्हणत नाही. बनवायला बंदी आहे ते योग्य आहे. कट्टा माणूस मारतो, आणि नळी फुटली तर चालवणाऱ्यालाही सोडत नाही. गोळी लागलेल्या घरात व्याख्येची चर्चा करायला कुणी बसत नाही.

माझी तक्रार अभ्यासाच्या पद्धतीबद्दल आहे. सुट्या भागांवर लिहिणारे वस्तूकडे बघतात, कारण त्यांच्या देशाचा कायदा वस्तूकडे बघतो. आपण त्यांचा चष्मा उसना घेतला, तर डहाणू-तलासरीत ‘घरगुती शस्त्रं’ या नावाखाली तीरकामठा, ठासणीची बंदूक आणि हायवेवरचा कट्टा एकाच रकान्यात जाऊन बसतात. १८७८च्या कायद्याने तोफ आणि धनुष्य एका वाक्यात बसवलं होतं, तसेच. फरक इतकाच, की तेव्हा ते सरकारने केलं, आता संशोधक करेल.

म्हणून पुढच्या वेळी जप्तीची बातमी वाचाल तेव्हा तीन प्रश्न विचारून बघा. भाग कुठून आले? हेतू कुणी ठरवला? आणि नाव कुणी दिलं? बातमीत पहिल्याचं अर्धं उत्तर मिळतं. बाकी दोन्हींचं सहसा नाहीच.

तुमच्या पाड्यावर तीरकामठ्याच्या एकेका भागाला काय म्हणतात, दोरीला, टोकाला, पिसांना, ते लिहून पाठवा. आजोबा-आजी असतील तर त्यांना विचारून पाठवा. कायद्याने दिलेली नावं माझ्याकडे पुष्कळ आहेत. बनवणाऱ्यांनी दिलेली कमी आहेत.