चित्र सगळ्यांचं, आवाज आपापला

अमेरिकेत ड्राइव्ह-इन थिएटरबद्दल जे काही लिहिलं-बोललं जातं त्यात दोन शब्द हमखास येतात: नॉस्टॅल्जिया आणि कम्युनिटी. उन्हाळ्याची रात्र, मोकळ्या माळावरचा मोठा पांढरा पडदा, रांगेत लावलेल्या गाड्या आणि सगळं गाव एकत्र. २०२० च्या उन्हाळ्यात साथीमुळे थिएटरं बंद होती आणि वॉलमार्टने १६० दुकानांच्या पार्किंगमध्ये पडदे लावले, तेव्हा तर हे शब्द फारच स्वस्त झाले. नॉस्टॅल्जियाला माझी हरकत नाही. पण कम्युनिटी हा शब्द जरा तपासून घ्यायला हवा, असं माझं म्हणणं आहे. आणि तो तपासायचा तर पडद्याकडे बघून भागणार नाही, आवाज कुठून येतो ते बघावं लागेल.

सुरुवातीपासून बघू. रिचर्ड हॉलिंग्सहेड नावाच्या माणसाने न्यू जर्सीत आपल्या घराच्या ड्राइव्हवेवर हा प्रयोग केला. गाडीच्या बॉनेटवर प्रोजेक्टर, झाडांना ठोकलेला पडदा, पडद्यामागे रेडिओ. पावसात कसं दिसेल ते बघायला त्याने म्हणे लॉनचा फवारासुद्धा लावून पाहिला. १६ मे १९३३ रोजी त्याला पेटंट मिळालं आणि ६ जूनला कॅमडेनजवळ त्याचं थिएटर सुरू झालं. पेटंटचा गाभा पडद्याचा नव्हता, उताराचा होता: गाडीचं नाक थोडं वर राहील असे मातीचे चढ, म्हणजे पुढच्या गाडीच्या टपावरून मागच्याला पडदा दिसतो. दर गाडीमागे २५ सेंट आणि माणशी २५ सेंट. एका गाडीचे जास्तीत जास्त १ डॉलर. जाहिरातीचा रोख असा की मुलं कितीही गोंधळ घालोत, सगळ्या कुटुंबाला घेऊन या. आता हे नीट वाचलं तर इथे 'सगळे एकत्र या' असं कुणी म्हणत नाहीये. तुमच्या पोरांचा त्रास इतरांना होणार नाही, आणि इतरांचा तुम्हाला, असं आश्वासन आहे.

पहिल्या थिएटरात हे आश्वासन पुरतं पाळता आलं नाही, कारण आवाज पडद्याजवळच्या मोठ्या स्पीकर्समधून यायचा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. तुमची गाडी दीडशे मीटर मागे असेल तर नटाचे ओठ हलल्यावर जवळजवळ अर्ध्या सेकंदाने तुम्हाला वाक्य ऐकू येणार. शिवाय तो आवाज कुंपणापाशी थांबत नाही, आसपासच्या घरांत घुसतो. पुढे चाळीसच्या दशकात खांबावरचे छोटे स्पीकर आले. ते काढून खिडकीच्या काचेला अडकवायचे आणि आवाज आपल्या हाताने कमी-जास्त करायचा. त्यानंतर एफएम आलं: थिएटर लहानशा ट्रान्समीटरवरून आवाज सोडतं आणि तो तुम्ही गाडीच्या रेडिओवर लावता. या तिन्ही टप्प्यांची दिशा एकच आहे. चित्र जिथे होतं तिथेच, सगळ्यांसमोर, उघड्यावर राहिलं. आवाज मात्र माळावरून खिडकीशी आला आणि खिडकीतून डॅशबोर्डात शिरला.

चित्र किती उघड्यावर होतं याचा पुरावा थेट सुप्रीम कोर्टात आहे. फ्लोरिडात जॅक्सनव्हिल शहराने नियम केला होता की रस्त्यावरून दिसणाऱ्या ड्राइव्ह-इनच्या पडद्यावर नग्नता दाखवायची नाही. एका थिएटरच्या मॅनेजरवर त्याखाली खटला झाला. १९७५ मध्ये एर्झनॉझ्निक विरुद्ध जॅक्सनव्हिल या निकालात कोर्टाने तो नियम रद्द केला. रस्त्याने जाणाऱ्याला चित्र नको असेल तर तो नजर वळवू शकतो, असा त्यातला एक मुद्दा. चित्राचं ठीक आहे, पण कान असे वळवता येत नाहीत. आवाज आधीच गाड्यांच्या आत गेला होता, म्हणूनच भांडण नुसत्या चित्रावर होऊ शकलं.

या रचनेत काय धोका आहे, ते सगळ्यात नेमकं दाखवलंय पीटर बॉग्दानोविचच्या 'टार्गेट्स' या १९६८ च्या सिनेमाने. ड्राइव्ह-इनवर प्रेमाने काढलेले सिनेमे बरेच आहेत, पण बघायचाच तर हा बघा. (पुढे शेवट सांगतोय.) १९६६ मध्ये टेक्सास विद्यापीठाच्या टॉवरवरून झालेल्या गोळीबाराचा त्याला आधार आहे. बॉबी नावाचा साधासुधा, नीटनेटका तरुण घरच्यांना मारतो, हायवेवरच्या गाड्यांवर गोळ्या झाडतो आणि शेवटी लॉस एंजेलिसमधल्या रेसीडा ड्राइव्ह-इनच्या पडद्यामागे चढून बसतो. पडद्याला भोक पाडून तो समोरच्या गाड्यांतली माणसं टिपायला लागतो. त्याच पडद्यावर जुना भयपट चाललाय, आणि त्यातला म्हातारा नट (बोरिस कार्लॉफ, जवळपास स्वतःच्याच भूमिकेत) त्या रात्री तिथे पाहुणा म्हणून आलाय.

यात भीती बंदुकीची आहेच, पण त्याहून जास्त आहे ती शेजारच्याला काही न कळण्याची. एका गाडीत माणूस मेलाय आणि बाजूच्या गाडीत सिनेमा चालूच आहे. प्रत्येकाच्या खिडकीला आपापला स्पीकर आहे, त्यात किंकाळ्या आधीच भरपूर आहेत. आणखी एक किंकाळी कुणाला वेगळी ऐकू येणार? बंदिस्त थिएटरात पहिल्या आवाजाला खुर्च्या हलल्या असत्या, माना वळल्या असत्या. इथे बातमी एका गाडीतून दुसऱ्या गाडीत पोचायला वेळ लागतो आणि तोच वेळ बॉबी वापरतो. बॉग्दानोविचने वरून पार्श्वसंगीत घातलेलं नाही. जे ऐकू येतं ते रेडिओ, टीव्ही किंवा पडद्यावरच्या सिनेमातून. त्यामुळे आपणही त्या गाड्यांइतकेच बंद होतो. माझी एकच तक्रार आहे: शेवटी पडद्यावरचा कार्लॉफ आणि खरा कार्लॉफ दोघं एकाच वेळी चालत येतात आणि बॉबी गोंधळतो, ही कल्पना टाळ्या घेणारी असली तरी जरा सोयीची आहे. बॉबी पकडला जातो, पण गाड्यांमधली ती शांतता तशीच अनुत्तरित राहते. कदाचित म्हणूनच शेवटचं दृश्य रिकाम्या मैदानाचं असावं, ज्यात बॉबीची एकटी गाडी उरलीय.

आता याच्या शेजारी आपल्याकडचं उघड्यावरचं थिएटर ठेवा: जत्रेतला तंबू. तुमच्यापैकी बहुतेकांनी तो पाहिला नसेल, पण घरी आजी-आजोबांकडून ऐकला असेल. ऐकलाही नसेल तर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांची 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' ही डॉक्युमेंटरी बघा. महाराष्ट्रातल्या फिरत्या टॉकीजवरची ही फिल्म २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवली गेली. तंबूचं गणित ड्राइव्ह-इनच्या बरोबर उलटं आहे. चित्र कनातीच्या आत, तिकीट काढणाऱ्याला. आवाज मात्र कापडाने अडत नाही. तो पाळण्यापर्यंत, भज्यांच्या गाड्यापर्यंत सगळ्या जत्रेला फुकट. आत मांडीला मांडी लावून बसायचं, शिट्टी कुणाची आणि हुंदका कुणाचा ते शेजाऱ्याला कळणार. तिथे एकांत नाही आणि तो नसल्याचा त्रासही भरपूर, बायकांना तर विशेषच. पण हसू एकाचं दुसऱ्याला लागतं, ते तिथे.

मग ड्राइव्ह-इन वाईट आणि तंबू चांगला? इतकं सोपं असतं तर लिहायचं कारण नव्हतं. परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी त्या बंद गाडीत एक गोष्ट शक्य होते, जी मल्टिप्लेक्समध्ये होत नाही: मोठ्याने मराठी बोलणं. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत, त्यांना इंग्रजी येतं पण हॉलिवूडचे गिळलेले उच्चार नाही. मल्टिप्लेक्समध्ये कानाशी कुजबुजलात की पुढची मान मागे वळते. गाडीत तुम्ही सरळ सांगू शकता, "अहो बाबा, तो त्याचा भाऊ नाही, आधीचा नवरा आहे." डबा उघडता येतो, चकलीचा आवाज झाला तरी चालतो. हॉलिंग्सहेडने रडक्या पोरांसाठी काढलेली सोय इथे भाषेला मिळते. आणि खरं सांगायचं तर आपण इथे राहतोही बरेचसे असेच: चित्र सगळ्यांबरोबर, आवाज काचा वर करून.

पण ही सोय कधीच सगळ्यांना सारखी नव्हती, हेही लक्षात ठेवा. दक्षिणेतल्या राज्यांत कित्येक ड्राइव्ह-इनमध्ये काळ्या लोकांना प्रवेश नव्हता किंवा त्यांच्यासाठी वेगळा भाग राखलेला असे. मोकळ्या आकाशाखालीही कुंपण घालता येतं. शिवाय आधी गाडी हवी. मुंबईत २०२१ मध्ये बीकेसीत मॉलच्या गच्चीवर ड्राइव्ह-इन सुरू झालं. त्या शहरात गाडीतून सिनेमा बघायला मिळणं म्हणजे काय, हे लोकलने फिरणाऱ्याला सांगायला नको. अहमदाबादचं १९७३ चं सनसेट ड्राइव्ह-इन मला म्हणून जास्त शहाणं वाटतं, तिथे गाड्यांबरोबर बिनगाडीच्यांसाठीही बसायची जागा ठेवलेली आहे.

१९५८ च्या सुमारास अमेरिकेत चार हजारांवर ड्राइव्ह-इन होते, आज तीनशेच्या आसपास उरलेत. टीव्ही आला, शहरं पसरून जमिनी महागल्या, आणि १९६७ पासून उन्हाळ्यात घड्याळं जवळपास देशभर एक तास पुढे जायला लागली, त्यामुळे अंधार पडून सिनेमा सुरू व्हायलाच नऊ वाजून जातात. जे उरलेत त्यांच्यात मात्र एक गंमत दिसते. लोक गाडी उलटी लावतात, डिकी उघडतात, फोल्डिंगच्या खुर्च्या बाहेर मांडतात आणि बॅटरी उतरू नये म्हणून छोटा रेडिओ पायाशी ठेवतात. पन्नास रेडिओंतून एकच वाक्य एकदम येतं. ज्या आवाजाला गाडीत कोंडायला इतकी वर्षं लागली, तो प्रेक्षकांनी स्वतःच पुन्हा माळावर आणून ठेवलाय. इथे मला पहिल्यांदा कम्युनिटी हा शब्द वापरावासा वाटतो, आणि तोही जपूनच.

कारण आपल्यासाठी खरी परीक्षा तिथेच आहे. गाडीत बाबांना मराठीत सांगणं सोपं होतं. शेजारी दुसऱ्याच्या खुर्च्या असताना, सगळे हसलेत आणि त्यांना विनोद कळलेला नाही अशा वेळी, तुम्ही तेवढ्याच आवाजात सांगाल का? की हळूच म्हणाल, "घरी गेल्यावर सांगतो"? या उन्हाळ्यात गेलात तर खुर्च्या बाहेर काढा. हेडलाइट आपोआप लागत असतील तर ते कसे बंद करायचे तेवढं घरीच बघून ठेवा. आणि बाबांनी विचारलं की तिथल्या तिथे सांगा.