‘सेल्युलोज’ या संज्ञेची अर्थचिकित्सा

वृक्षवलयांतील स्थिर समस्थानिकांवरून गतकालीन हवामानाचा शोध घेणाऱ्या निबंधांत ‘नमुन्यांतून सेल्युलोज वेगळे केले’ असे एक ठरीव वाक्य आढळते. यातील ‘सेल्युलोज’ हे पद दिसते तितके एकार्थी नाही, हे प्रस्तुत टिपणात दाखवावयाचे आहे.

सेल्युलोज वेगळे करण्यामागील हेतू सयुक्तिक आहे. राळ एका वलयातून दुसऱ्यात सरकते. लिग्निनमधील कार्बन-१३चे प्रमाण सेल्युलोजमधील प्रमाणाहून दर हजारी सुमारे ३ने कमी असते. लिग्निनचा अंश वलयागणिक बदलल्यास हा रासायनिक चढउतार हवामानाचाच भासण्याचा संभव असतो.

प्रश्न उद्भवतो तो नामकरणाचा. टोल्युइन व अल्कोहोल यांनी राळ काढून, आम्लयुक्त सोडियम क्लोराइटने सुमारे ७० अंश सेल्सिअसला लिग्निन घालविले की उरते ते होलोसेल्युलोज. त्यात हेमिसेल्युलोज असतेच. पुढे सुमारे १७ टक्के कॉस्टिक सोड्यात जे विरघळत नाही, ते आल्फा-सेल्युलोज. म्हणजे ‘आल्फा’ हे विशेषण पदार्थाचा स्वभाव सांगत नाही. तो कोणत्या परीक्षेत टिकला, एवढेच सांगते. ब्रेंडेल व सहकाऱ्यांनी २००० साली मांडलेल्या पद्धतीत अ‍ॅसिटिक व नायट्रिक आम्ले वापरली जातात. तिच्या अवशेषासही हेच नाव मिळते. अवशेष तीन, संज्ञा मात्र एक!

हायड्रोजनच्या बाबतीत संदिग्धता अधिकच वाढते. सेल्युलोजच्या प्रत्येक ग्लुकोज-घटकातील १० हायड्रोजन अणूंपैकी ३ अणू बाहेरील पाण्याशी अदलाबदल करतात. म्हणून त्याचे नायट्रेट करण्याची प्रथा पडली. तेव्हा मोजले जाते ते मूळ द्रव्य नव्हेच. ठाण्याच्या सागावरील रमेश, भट्टाचार्य व पंत यांचा १९८९चा निबंध हायड्रोजनच्या समस्थानिकांविषयीच आहे. अशा जुन्या मापनांशी नवी मापने ताडून पाहणाऱ्याने हा भेद विसरून चालणार नाही.

एकाच मालिकेत एकच पद्धत असेल तर स्थिर फरकाने बिघडत नाही, हा आक्षेप रास्त आहे. परंतु दोन प्रयोगशाळांच्या मालिका जोडल्या की सांध्यावरचा तोच फरक दुष्काळाचे वा अतिवृष्टीचे सोंग घेऊ शकतो.

जी संज्ञा कृतीने सिद्ध होते, तिचा अर्थ कृतीच्या निर्देशावाचून पूर्ण होत नाही. म्हणून द्रावण, तापमान व कालावधी यांचा उल्लेख हा निबंधातील उपचार नसून संज्ञेच्या व्याख्येचाच भाग मानला पाहिजे.