संगणकभाषेची डागडुजी आणि आपला काना

संगणकाची भाषा एकदा तयार झाली की ती तशीच राहते, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तिची डागडुजी सतत चालू असते. शाळा-महाविद्यालयांत शिकवली जाणारी पायथॉन ही भाषा १९९१ साली प्रथम उपलब्ध झाली. २०२० पासून तिची नवी आवृत्ती दर ऑक्टोबरात येते. या दुरुस्त्या शिक्षकाच्या नजरेने तपासल्या तर काय दिसते?

बोलबाला झाला तो वेगाचा. २०२२ची ३.११ ही आवृत्ती तिच्या आधीच्या आवृत्तीपेक्षा सरासरीने सुमारे सव्वापट वेगवान आहे. पण वर्गातल्या दहा ओळींच्या आज्ञावलीला या वेगाचा उपयोग किती? आमच्या मते खरी सुधारणा झाली ती चूक सांगण्याच्या पद्धतीत. पूर्वी विद्यार्थी कंस पुरा करायला विसरला, तर संगणक बहुधा पुढच्या निर्दोष ओळीवर बोट ठेवून 'वाक्यरचना चुकली' एवढेच सांगे. व्याकरण तपासणारा भाग ३.९ मध्ये नव्याने रचला गेला आणि ३.१० पासून, म्हणजे २०२१ पासून, 'हा कंस पुरा झालेला नाही' असे नेमके उत्तर मिळू लागले. २०२५च्या ३.१४ मध्ये 'व्हाइल'चे स्पेलिंग चुकले तर 'तुम्हांला व्हाइल म्हणायचे आहे का?' असे विचारले जाते. चांगला शिक्षक याहून वेगळे काय करतो? मात्र हा शिक्षक बोलतो इंग्रजीतच.

आता दुसरी बाजू पाहू. दाभोळच्या एखाद्या विद्यार्थिनीने मराठी उताऱ्यातील शब्द मोजायचे ठरवले, असे समजा. शब्द ओळखण्यासाठी या भाषेत उलटी तिरपी रेघ आणि डब्ल्यू अशी खूण आहे. तिच्यापुढे अधिक चिन्ह देऊन 'दाभोळ खाडी' तपासले, तर दोन शब्दांऐवजी पाच तुकडे हाती येतात: द, भ, ळ, ख, ड. काना, मात्रा, वेलांटी गळून पडतात!

याचे कारण सोपे आहे. युनिकोडमध्ये 'दा' हे एक चिन्ह नसून 'द' आणि काना अशी दोन चिन्हे आहेत. काना अक्षरांच्या गटात न बसता जोडचिन्हांच्या गटात बसतो आणि ही खूण त्या गटाला ओळखत नाही. जोडचिन्हांनाही शब्दाचा भाग मानावे, अशी युनिकोडचीच शिफारस आहे. गंमत अशी की याच भाषेत 'दाभोळ' हे चलाचे नाव म्हणून २००८ पासून बिनतक्रार चालते. एकाच घरात कान्याला ओसरीवर मान आणि माजघरात मज्जाव!

या दोषाची नोंद २००७ पासून आहे. तरी २०२३च्या ३.१२ मध्येही तो तसाच होता. दुरुस्ती केल्यास जुन्या आज्ञावल्यांची उत्तरे बदलतील, ही अडचण आम्हांला मान्य आहे. पण अपुरा कंस जगभरच्या विद्यार्थ्यांना अडवतो, म्हणून त्याच्याकडे लक्ष गेले. काना अडवतो तो आपल्यासारख्यांनाच, आणि आपण बोलत नाही.

तोवर वर्गात मोकळ्या जागेवर शब्द तोडण्याची आज्ञा वापरावी. ती 'दाभोळ खाडी'चे दोनच शब्द देते. विद्यार्थ्यांकडून दोन्ही रीती करवून घ्याव्यात आणि उत्तरे वेगळी का आली, हे त्यांनाच शोधू द्यावे. पायथॉनच्या दोषांची नोंदवही सर्वांना खुली आहे. त्यांच्या उताऱ्यांतून निघालेली उदाहरणे तिथे पोचवणे हे शिक्षकांचेच काम आहे.