परीक्षेची राखण

फाल्गुन लागला की नाशिक जिल्ह्यात दोन गोष्टींची राखण एकाच वेळी चाललेली असते. एक द्राक्षांच्या बागांची आणि दुसरी दहावी-बारावीच्या परीक्षांची. बागेचा मालक पाखरांपासून घड वाचवितो, हे सर्वांस समजते. परंतु परीक्षेच्या राखणीस जे जे उभे असतात, म्हणजे केंद्रसंचालक, पर्यवेक्षक, सीलबंद पाकिटे सांभाळणारा परिरक्षक, भरारी पथक, बैठे पथक, दारावरचा पोलीस आणि अलीकडे भिंतीवरचा कॅमेरा, ते नेमके कोणापासून काय वाचवितात, याचा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाही. पाखरे बाहेरून येतात. येथे मात्र चोर कोण आणि राखणदार कोण, हेच पुष्कळदा ओळखू येत नाही.

अशा वेळी वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडी एक वाक्य ठरलेले असते : ‘आमच्या वेळी असले काही नव्हते.’ आमच्या मते हे वाक्य अर्धे खरे आहे. आणि निव्वळ खोट्यापेक्षा अर्धे खरे अधिक फसविते. म्हणून या वाक्याचीच थोडी परीक्षा घ्यावी, असे आम्ही योजिले आहे.

जुन्या पंतोजींच्या शाळेत कॉपी नव्हती, हे खरे. धूळपाटीवर अक्षर गिरवावयाचे, पावकी-निमकी-अडीचकी घोकावयाची, आणि मुलास हिशेब आला की नाही ते दुकानाच्या गादीवर बसविल्यावर कळावयाचे. गोदातीरीच्या वेदपाठशाळांतूनही हीच तऱ्हा. परीक्षकाने संहितेतील कोठलेही एक पद उच्चारावे आणि विद्यार्थ्याने तेथून पुढे न अडखळता म्हणत जावे. अशा परीक्षेत चिठ्ठीला ठावच नाही. तथापि यावरून त्या काळची मुले हरिश्चंद्राचे अवतार होती, असे अनुमान काढणे धाडसाचे होईल. परीक्षक आणि परीक्षार्थी समोरासमोर बसत आणि एकमेकांस ओळखत, एवढाच त्यातला विशेष. शिवाय त्या पाठशाळेच्या उंबऱ्याशी समाजातील बहुतेक मुलांस आणि झाडून साऱ्या मुलींस उभेही राहता येत नव्हते, हे विसरून त्या काळाचे गोडवे गाणे हा अप्रामाणिकपणाच ठरेल.

लेखी परीक्षेने हे सारे पालटले. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८५९ साली त्याची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा झाली. सव्वाशेच्या वर उमेदवार बसले. उत्तीर्ण झाले ते जेमतेम वीस-बावीस. त्यांत १८४२ साली आमच्याच जिल्ह्यातील निफाड येथे जन्मलेले महादेव गोविंद रानडे हे एक होते. या नव्या परीक्षेत उमेदवाराचे नाव जाऊन त्याच्या जागी क्रमांक आला. हा मोठाच लाभ होता. क्रमांकास जात नसते, कूळ नसते, मामा-काका नसतो. गरिबाच्या किंवा उपेक्षिताच्या मुलास जो काही न्याय पुढे मिळाला, तो या मुक्या क्रमांकाच्या आडोशाने मिळाला. परंतु परीक्षक जेव्हा माणसास न पाहता केवळ कागद पाहतो, तेव्हा तो कागद कोणाच्या बुद्धीने भरला हे त्यास कळण्याचा मार्ग उरत नाही. निःपक्षपातीपणा आणि कॉपी ही अशी एकाच दिवशी जन्मास आलेली भावंडे आहेत. एकीस ठेवून दुसरीस घालविण्याची खटपट गेली दीडशे वर्षे चालू आहे.

ही खटपट केवळ आपलीच नव्हे. चीन देशात राज्याच्या नोकरीसाठी लेखी परीक्षा शतकानुशतके चालत आल्या. उमेदवारास कोठडीत बसवीत, त्याची झडती घेत. तरी अस्तरावर मुंगीएवढ्या अक्षरांत ग्रंथ लिहून नेणारे निघतच. १८५८ साली राजधानीतील परीक्षेत लबाडी उघडकीस आली, तेव्हा मुख्य परीक्षक असलेल्या महामंत्र्यासच पुढील वर्षी देहान्ताची शिक्षा झाली. आपल्याकडे पहिली मॅट्रिक झाली ते हेच १८५९ साल. शिक्षेची याहून वरची पायरी कल्पिता येत नाही. तरीही त्या परीक्षांची प्रतिष्ठा ढासळत गेली आणि १९०५ साली त्या बंदच कराव्या लागल्या.

आता ‘आमच्या वेळी’ या शब्दांकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई इलाख्यात शाळांस अनुदान देण्याची एक पद्धत रूढ होती. तपासनीसाने येऊन मुलांची परीक्षा घ्यावी आणि जितकी मुले उत्तीर्ण होतील त्या मानाने शाळेस पैसा मिळावा, असे तिचे स्वरूप. इंग्लंडात ही रीत १८६२ साली सुरू झाली होती. आणि स्वतः शाळा-तपासनीस असलेला तेथील कवी व टीकाकार मॅथ्यू अर्नोल्ड याने तिच्यावर सडकून टीका केली होती. निकालावर पैसा मिळू लागला की शिक्षक मुलास शिकवीत नाही, निकालास शिकवितो, हे त्यास दिसून आले होते. आपल्याकडे दिपोटीसाहेबांची स्वारी येणार म्हणताच मठ्ठ मुलांस त्या दिवशी घरी बसविणे, हुशारांस पुढल्या ओळीत आणणे आणि ठरावीक प्रश्नांची ठरावीक उत्तरे आठवडाभर घोकून घेणे, या युक्त्यांच्या गोष्टी जुन्या शिक्षकांच्या घराण्यांतून अजूनही हसत हसत सांगितल्या जातात. हिंदुस्थान सरकारच्या १९०४ सालच्या शैक्षणिक ठरावाने ही पद्धत त्याज्य ठरविली. म्हणजे ज्या काळाकडे आपण आदर्श म्हणून बोट दाखवितो, त्या काळीही लबाडी होती. मात्र ती मुलाच्या खिशातून निघालेली नव्हती, ती वरून खाली उतरली होती.

यावरून आमचा सिद्धान्त असा : निकालाशी शिकविणाऱ्याचा आणि शाळा चालविणाऱ्याचा स्वार्थ जेव्हा जेव्हा बांधला जातो, तेव्हा तेव्हा कॉपी हा मुलाचा खोडसाळपणा न राहता मोठ्या माणसांचा धंदा होतो. कॉपीचा खरा इतिहास चिठ्ठीच्या आकाराचा नव्हे. चिठ्ठी देणारा हात कोणाचा, याचा तो इतिहास आहे.

मधल्या एक-दोन पिढ्यांत हा हात बहुधा मुलाचा स्वतःचाच होता. मॅट्रिक जाऊन १९४९ साली एस्. एस्. सी. आली; १९७५ पर्यंत ती अकरावीची होती, त्यानंतर दहावीची झाली. आम्ही त्या जुन्या अकरावीचे विद्यार्थी. कॉपी आमच्याही वर्गात होती. फूटपट्टीच्या पाठीवर टाकाच्या टोकाने सूत्रे कोरणारा एक वर्गबंधू आम्हांस आठवतो. तो पकडला गेला तेव्हा पर्यवेक्षकांच्या पाया पडून त्याने एकच विनवणी केली : ‘सर, हवे तर नापास करा, पण घरी कळवू नका.’ या विनवणीत त्या पिढीची सारी कथा सामावली आहे. कॉपी करणारा मुलगा एकटा होता. शाळा त्याच्या विरुद्ध होती, घर त्याहून विरुद्ध होते, आणि त्याचा स्वतःचा धाकही त्याच्या विरुद्ध होता.

पुढे आम्ही शिक्षक झालो आणि अनेक वर्षांनी जिल्ह्यातील एका परीक्षाकेंद्रावर पर्यवेक्षक म्हणून गेलो. गणिताचा पेपर होता. खिडकीबाहेर आवाज झाला म्हणून पाहिले, तो कुंपणाच्या भिंतीवर एक प्रौढ गृहस्थ चढून बसलेले. हातात दगडास गुंडाळलेला कागद. आम्ही हटकले, तेव्हा त्यांच्या मुद्रेवर लाजेचा लवलेश नव्हता. ते म्हणाले, ‘गुरुजी, तुमच्या पोराला नोकरी आहे; माझ्या पोराचं काय?’ आम्ही त्यांस खाली उतरविले खरे. परंतु त्या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी तेव्हा नव्हते, आणि आज आहे असेही म्हणवत नाही. फूटपट्टीवाला मुलगा ज्यास भीत होता, तो बापच आता भिंतीवर चढला होता.

पुढचा प्रवास सर्वांस ठाऊक आहे. १९८२ साली महाराष्ट्रात परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीच्या जागी झेरॉक्सवर बारीक केलेली पाने आली, आणि त्यांच्या जागी मोबाइल आला. प्रश्नपत्रिका वाचून घेण्यासाठी मुलांच्या हाती ती दहा मिनिटे आधी देत असत. त्या दहा मिनिटांत ती मोबाइलवरून बाहेर जाते असे आढळल्याने २०२३ साली ही सवलत काढून घेऊन दहा मिनिटे शेवटी वाढवून देण्यात आली. आणि त्याच वर्षी बुलढाणा जिल्ह्यात बारावीच्या गणिताची प्रश्नपत्रिका फुटली, त्या प्रकरणी ज्यांस अटक झाली त्यांत शिक्षक होते! त्याही आधी, २०१९-२० च्या शिक्षक पात्रता परीक्षेतील गुणांच्या फेरफारापायी परीक्षा परिषदेच्या प्रमुखासच अटक झाली होती आणि सात हजारांहून अधिक उमेदवारांवर पुढे कारवाई झाली. जी परीक्षा शिक्षक होण्याची, तीच विकत घेतलेली! अशा शिक्षकाने वर्गात उभे राहून कोणत्या तोंडाने म्हणावे की ‘शेजाऱ्याच्या वहीत पाहू नकोस’?

शासनास हे कळले नाही असे नाही. गैरप्रकार आढळलेल्या केंद्रांवर दुसऱ्या शाळांतील केंद्रसंचालक व पर्यवेक्षक नेमण्याचा जो निर्णय २०२५ साली झाला, त्याचा अर्थ उघड आहे : शाळेचा आपल्याच मुलांच्या परीक्षेवर विश्वास ठेवता येत नाही, अशी ती कबुलीच होय. केंद्र सरकारच्या २०२४ च्या कायद्यानेही मुख्य रोख परीक्षार्थ्यावर न ठेवता प्रश्नपत्रिका फोडणाऱ्या टोळ्यांवर व संस्थांवर ठेवला आहे. त्यात दहा वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांचा दंड अशा शिक्षा आहेत. रोख योग्य आहे. परंतु देहान्ताने जे साधले नाही ते दंडाने साधेल, अशी आशा आम्हांस वाटत नाही.

येथपर्यंत वाचून आमचे सुशिक्षित वाचक स्वस्थ मनाने म्हणतील की, हे भिंतीवर चढणारे लोक निराळे, आपण निराळे. त्यांच्यासाठी दोन-तीन आकडे देतो. दहावीचा राज्याचा निकाल २०१८ साली ८९.४१ टक्के होता. २०१९ साली भाषा आदी विषयांतील शाळेने द्यावयाचे २० गुण बंद झाले; निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. सर्वत्र ओरड झाली, गुण परत आले, आणि २०२० साली निकाल ९५.३० टक्के लागला. २०२१ साली महामारीमुळे परीक्षाच झाली नाही, शाळांनीच मूल्यमापन केले. तेव्हा तो ९९.९५ टक्के झाला. या चढउतारास दुसरीही कारणे आहेत, हे मान्य. २०१९ साली प्रश्नपत्रिकांची धाटणी नवी होती आणि २०२१ चा प्रसंग तर आपत्तीचा होता. त्या वर्षीच्या मुलांस कोणी दोष देऊ नये. तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. शाळेच्या हाती गुण असले की ते उधळले जातात, आणि त्याबद्दल एकाही पालकाने कधी तक्रार केल्याचे आमच्या ऐकिवात नाही. ओरड होते ती गुण कमी झाले म्हणून, गुण खोटे आहेत म्हणून नव्हे.

आणि आता आमचेच एक पाप सांगून टाकतो. आमच्या नातीस शाळेने गोदावरीवर प्रकल्प करावयास सांगितले होते. तिने ब्रह्मगिरीपासून नदी काढली ती वाकडीतिकडी, आणि गंगापूर धरण चुकून नाशिकच्या पूर्वेस गेले. सूनबाई म्हणाल्या, ‘बाबा, तुमचं अक्षर चांगलं आहे.’ आम्ही चष्मा लावून बसलो. नकाशा झाला, मथळे झाले, चित्रे दुकानातून आणून डकविली गेली. वहीस पैकीच्या पैकी गुण मिळाले. नात वही घेऊन आली, आम्हांस म्हणाली, ‘आजोबा, तुम्ही पास झालात!’ घरात हशा पिकला. आम्हांस मात्र भिंतीवरचे ते गृहस्थ आठवले. त्यांनी एक दगड फेकला. आम्ही रंगीत पेन्सिली घेऊन तीन संध्याकाळी तेच काम केले, आणि आम्हांस हटकणारे कोणी नव्हते.

मग उपाय काय? परीक्षा मोडून टाका, असे आम्ही म्हणणार नाही. तो मुका क्रमांक अजूनही पुष्कळांचा एकमेव आधार आहे. पण शाळेचे नाव, शिक्षकाचे पोट आणि शिकवणीवर्गाचे फलक ही सारी एकाच निकालाच्या खुंटीस टांगलेली आहेत, ती सोडविल्यावाचून भरारी पथके कितीही वाढविली तरी राखणदारच बाग लुटतील. वर्षातून चार वेळा तरी परीक्षकाने मुलास समोर बसवून, ‘हे तू लिहिलेस ना? मग आता तोंडाने सांग’ असे विचारावे. पाठशाळेची ही एवढी एक रीत, तिचा बंद उंबरठा सोडून, उचलण्यासारखी आहे. भिंतीवरच्या बापाच्या प्रश्नास मात्र शाळा उत्तर देऊ शकत नाही. एका कागदावाचून ज्यात जगता येईल असा रोजगार देणे हे समाजाचे काम आहे.

नाशिकरोडला १९२८ सालापासून नोटांचा छापखाना आहे. आमच्या गावच्या माणसास खोट्या नोटेचे भय समजावून सांगावे लागत नाही. खोटी नोट एका माणसास फसवून थांबत नाही, ती प्रत्येकाच्या खिशातल्या खऱ्या नोटेविषयी संशय उत्पन्न करते. गुणपत्रिकेचेही तेच आहे. ज्या मुलाने खरेच अभ्यास केला, त्याच्या नव्वद टक्क्यांकडेही आज लोक मान तिरकी करून पाहतात. कॉपीने लुटला गेला आहे तो हा मुलगा.

त्या वहीची कथा सांगावयाची राहिली. पुढच्या वर्षी पुन्हा प्रकल्प आला. नातीने स्वतःच नकाशा काढला. नदी अजून वाकडीच होती, पण धरण या वेळी नाशिकच्या पश्चिमेस, आपल्या जागी होते. गुण मागच्या वेळेपेक्षा सहाने कमी आले. घरात कोणी हसले नाही, आणि कोणी रागावलेही नाही.