शांतिनिकेतनची सुजाता : पालि परंपरेच्या दृष्टीने

रवींद्रनाथांनी १९०१ साली शांतिनिकेतनात शाळा काढली व पुढे तीतून विश्वभारती उभी राहिली. तेथील कलाभवनाच्या परिसरात, निलगिरीच्या उंच झाडांमध्ये, रामकिंकर बैज यांची 'सुजाता' उभी आहे. निर्मितीचे वर्ष १९३५. कांस्य किंवा संगमरवर परवडण्यासारखे नव्हते, म्हणून शिल्पकाराने सिमेंट व खडी यांचा आश्रय घेतला. त्या खडबडीत पृष्ठभागामुळेच ही आकृती भूमीतून उगवल्यासारखी भासते.

रामकिंकर १९०६ साली बाकुडा येथे नाभिक कुटुंबात जन्मले. मूर्तिकाम त्यांनी प्रथम गावच्या कारागिरांकडून उचलले. संपादक रामानंद चटर्जी यांनी त्यांचे गुण हेरले आणि १९२५ साली त्यांना शांतिनिकेतनात आणले. (कपिलवस्तूचा उपालीही नाभिकच होता, आणि शाक्यकुमारांनी आपल्याआधी त्याला प्रव्रज्या देवविली, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.) 'सुजाता' हे त्यांचे उघड्यावरील आरंभीचे मोठे काम होय. मूळ आकृती केवळ एका उंच तरुणीची होती. तिच्या मस्तकावर पायसाचे पात्र ठेवण्याची सूचना आचार्य नंदलाल बसू यांची. तिच्यामुळे जवळच्या बुद्धमूर्तीशी तिचे नाते जुळले.

आता पालि साधनांकडे वळू. महासच्चक सुत्तात भगवान स्वतः दुष्करचर्या सोडल्याचे सांगतात, तेथे केवळ ओदनकुम्मासाचा उल्लेख आहे. सुजातेचे नाव नाही. अंगुत्तर निकायातील एतदग्गवग्गात सेनानीची कन्या सुजाता प्रथम शरण गेलेल्या उपासिकांत अग्र मानली आहे. तेथे खिरीचा उल्लेख नाही. खिरीची कथा सविस्तर येते ती निदानकथेत. बाबासाहेबांनीही ती 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात घेतली आहे. निदानकथेतील सुजाता सर्वालंकारांनी नटून सुवर्णपात्र मस्तकावर घेऊन वटवृक्षाकडे जाते. म्हणजे नंदलालांची सूचना, ती जाणून केलेली असो वा नसो, अट्ठकथेच्या शब्दाशी तंतोतंत जुळते. अलंकार मात्र शिल्पात नाहीत. आपल्या विहारांतील चित्रांत दागिन्यांनी मढलेली, गुडघे टेकलेली सुजाता पाहण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना हे उणे वाटेल. मला तसे वाटत नाही. सेनानी सधन होता खरा, पण त्रिपिटकाने तिचे स्मरण ठेवले ते शरणगमनासाठी.

माझा आक्षेप वेगळा आहे. निदानकथेतील सुजाता माता आहे. अनुरूप घर व पहिला पुत्र मिळाल्यास बलिकर्म करीन, असा नवस ती फेडावयास निघाली आहे. अट्ठकथाकार तर तिला यशाची आई मानतात. शिल्पातील आकृती मात्र कुमारिका आहे. फलप्राप्तीनंतरची परिपक्व कृतज्ञता तिच्यात शोधून सापडत नाही. नाव मागाहून दिल्याची ही खूण असावी.

तरीही एका ठिकाणी शिल्पकाराने कथेचा गाभा उलट बाजूने पकडला आहे. कथेत पुण्णा दासी वडाखाली बसलेल्या बोधिसत्त्वास पाहते आणि वृक्षदेवता समजून धावत धनिणीला सांगते. सुजाताही त्याच समजुतीने खीर अर्पण करते. मनुष्याला वृक्षदेवता मानण्याची ही चूक आहे. निलगिरीच्या खोडांत खोडासारखीच सडपातळ उभी असलेली रामकिंकरांची सुजाता दुरून पाहताना तीच चूक पाहणाऱ्याकडून होते. पहिल्या नजरेत ती झाड वाटते, आणि जवळ गेल्यावर स्त्री.